संगणकाचे कुलूप आणि सामान्य माणूस

संगणक आणि मोबाईल फोन आता आपल्या बेटावर घरोघरी आले आहेत. बँकेचा व्यवहार, परदेशी शिकायला गेलेल्या मुलाशी बोलणे, नातवंडांचे फोटो पाहणे, हे सारे त्या लहानशा काचेवर होते. मागोमाग चोरही आले. चोरी झाली की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: "आजी, तू ते दाबलंस कशाला?" आजी गप्प बसते आणि पुढे फोनला हातच लावत नाही. आमच्या मते हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. आजीला जे कुलूप दिले गेले, ते तिला लावता येईल असे होते का, हे कोणी विचारीत नाही.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपली खाजगी माहिती जपण्याविषयी त्या देशाइतका जागरूक देश क्वचितच सापडेल. हिटलरची गेस्टापो आणि नंतर पूर्व जर्मनीची श्टाझी या दोन गुप्त पोलिसांचा अनुभव घेतलेला तो समाज आहे. माहितीच्या संरक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० साली तेथील हेसन राज्याने केला. १९८३ साली जनगणनेच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर आले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात घटना न्यायालयाने निकाल दिला की आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरविण्याचा हक्क मुळात नागरिकाचा आहे. अशा देशात तरी लोक आपले संगणक नीट कुलूपबंद ठेवीत असतील, असे आपल्याला वाटेल.

परंतु २०१८ च्या डिसेंबरात तेथे काय घडले? सुमारे हजार राजकारणी, पत्रकार आणि कलावंत यांचे फोन नंबर, पत्ते, काहींची खाजगी पत्रेसुद्धा, रोज थोडी थोडी करून ट्विटरवर टांगली गेली. नाताळापूर्वी मुले रोज एक खिडकी उघडतात त्या कॅलेंडरसारखी. कोणा परकीय सत्तेचे हे काम असावे अशी शंका होती. पुढच्या महिन्यात सापडला तो हेसन राज्यातच आईवडिलांकडे राहणारा वीस वर्षांचा विद्यार्थी! त्या वेळचे गृहमंत्री होर्स्ट झेहोफर यांनी लोकांच्या पासवर्डांना दोष दिला. ते फारच सोपे होते म्हणे. मंत्रिमहोदयांचे म्हणणे खोटे नव्हे. पण संसदेत बसणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना जे साधत नाही, ते वाक्वाच्या किंवा कास्कावेलच्या आजीला साधावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

लंडनला संशोधन करणाऱ्या आणि २०१८ पासून जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठात शिकविणाऱ्या आंगेला झासे या विदुषीने अ‍ॅन अ‍ॅडम्स यांच्यासह १९९९ सालीच एक निबंध लिहिला होता. वापरणारा माणूस हा शत्रू नव्हे, असे त्याचे शीर्षकच आहे. कचेरीत दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा अवघड पासवर्ड मागितला की माणूस तो कागदावर लिहून ठेवतो, किंवा जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवितो. त्याची चूक नसते. माणसाच्या स्मरणशक्तीला झेपणार नाही असा नियम केला, की पळवाट निघणारच. जर्मनीच्या सरकारी माहिती-सुरक्षा कार्यालयाने पासवर्ड ठराविक मुदतीने बदलण्याची आपली शिफारस २०२० साली मागे घेतली. एवढे समजायला वीस वर्षे लागली.

आता पत्रांच्या कुलपाविषयी. ई-मेल म्हणजे उघडे पोस्टकार्ड. वाटेत कोणीही वाचावे. त्याला पाकीट घालणारा पी.जी.पी. नावाचा प्रोग्राम अमेरिकेत फिल झिमरमन यांनी १९९१ साली काढला. त्याच धर्तीचा, सर्वांना फुकट वापरता येणारा ग्नु-पी-जी हा प्रोग्राम जर्मनीत वेर्नर कोख यांनी १९९७ साली सुरू केला. कुलूप इतके भक्कम की मोठमोठ्या सत्तांनाही ते फोडणे कठीण. अडचण एकच, सामान्य माणसाला ते लावता येईना. प्रत्येकाला दोन किल्ल्या; एक जगाला वाटायची, दुसरी जिवापाड जपायची. समोरच्याची वाटलेली किल्ली आधी मिळवायची, ती खरोखर त्याचीच आहे याची खात्री करायची, आणि मग पत्र बंद करायचे. १९९९ साली अमेरिकेत अल्मा व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी बारा जणांना बसवून दीड तास दिला. सगळे शिकलेले, ई-मेल वापरणारे. त्यांपैकी फक्त चौघांना पत्र नीट बंद करून सही करता आली. तिघांनी तर गुपित उघडेच पाठवून दिले! एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रे ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला द्यायचे ठरविले, तेव्हा हे कुलूप कसे बसवायचे याची चित्रफीत त्याला करून पाठविली. तरी ग्रीनवाल्डने ते बसविले नाही. स्नोडेन मग लॉरा पॉयट्रस या चित्रपट करणाऱ्या बाईंकडे वळला. त्यांना हे तंत्र येत होते. जगभर गाजलेली ती बातमी एका अवघड प्रोग्रामपायी अडून बसली होती.

जर्मन सरकारने हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही. हा प्रोग्राम विंडोजवर चालावा म्हणून अर्थव्यवहार मंत्रालयाने १९९९ साली पैसा दिला. पुढे माहिती-सुरक्षा कार्यालयाच्या सांगण्यावरून २००६ साली त्याची सोपी विंडोज आवृत्ती निघाली, आणि तिच्याबरोबर नवशिक्यांसाठी एक पुस्तिका. जर्मन भाषेत नवशिक्याला 'आइनश्टायगर' म्हणतात, म्हणजे गाडीत चढणारा. शब्द आम्हाला फार आवडला. चढणाऱ्यासाठी पायरी खाली हवी, हे त्यातच आले. त्या पुस्तिकेत अडेले नावाची एक यांत्रिक मैत्रीण होती. शिकणाऱ्याने तिला आपली किल्ली पाठवावी, कुलूपबंद पत्र लिहावे, आणि तिने उलट टपाली तसेच बंद पत्र धाडावे. चूक झाली तरी नुकसान नाही आणि कोणी हसणारही नाही. म्हाताऱ्या माणसाला नवी गोष्ट शिकविण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला सुचत नाही. परंतु कोख यांच्यापाशी पैसा कधीच टिकला नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या या प्रोग्रामचा भार जवळजवळ एकट्याने वाहताना त्यांची किती ओढाताण होते आहे, हे २०१५ साली छापून आले तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी मदत देऊ केली. ज्याला कुलूप दुरुस्त करायलाच दिवस पुरत नाही, त्याने मूठ गुळगुळीत केव्हा करायची?

२०१६ च्या जूनमध्ये डार्मश्टाटच्या फ्राउनहोफर संस्थेने जर्मन टेलिकॉमच्या साहाय्याने आणखी एक प्रयत्न केला. फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी, तसे हे 'लोकांचे कुलूप'. जर्मन नाव एवढे लांब आहे की उच्चारताना मध्ये श्वास घ्यावा लागतो. खाजगी माणसाला फुकट, आणि किल्ल्या आपोआप जागच्या जागी बसविणारे. हेतू उत्तम. पण आरंभी ते फक्त विंडोजवर चाले, आणि आत शिरण्यापूर्वी आपण कोण आहोत हे इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राने किंवा टेलिकॉमच्या खात्याने सिद्ध करावे लागे. कुलूप सोपे, पण दुकानाचा दरवाजा अवघड. ते काही घरोघरी पोहोचले नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने मात्र शंभर कोटींहून अधिक लोकांची पत्रे एका झटक्यात कुलूपबंद केली. कोणाला काही विचारले नाही, काही शिकविले नाही.

मग सारेच असे कंपनीवर सोपवावे काय? तेही आम्हाला पटत नाही. मजकूर बंद असला तरी कोण कोणाशी किती वेळा बोलतो हे कंपनीला दिसते, आणि दार तिच्या मालकीचे राहते. शिवाय बँकेतून आलेला सहा आकडी नंबर आपणच फोनवर कोणाला वाचून दाखविला, तर कोणतेही कुलूप उपयोगाचे नाही. काही गोष्टी माणसाला कळायलाच हव्यात. त्या थोड्या असाव्यात आणि दिसतील अशा असाव्यात, एवढेच. बोडन सरोवराजवळच्या टेटनांग गावात तयार होणाऱ्या अविरा या व्हायरस-रोधक प्रोग्रामने संगणकाच्या कोपऱ्यात एक लाल छत्री ठेवली होती. छत्री उघडी असली की संरक्षण चालू, मिटलेली असली की बंद. वाचता न येणाऱ्यालाही कळावे! फुकटच्या आवृत्तीत ती छत्री रोज जाहिरातही दाखवीत असे, हा भाग वेगळा. प्रेशर कुकर वापरणाऱ्या बाईला वाफेचे शास्त्र येत नाही. शिट्टी कळते, आणि शिट्टी अडकली तरी आत दुसरी झडप असते. सोपे केले म्हणजे कच्चे झाले, असे म्हणणाऱ्यांनी एकदा स्वयंपाकघरात जावे.

आपल्याकडे तर भाषेचीही अडचण आहे. सूचना येते इंग्रजीत, फार तर फ्रेंचमध्ये. घरातली वडील माणसे बोलतात क्रिओल, देवापुढे मराठी. 'सर्टिफिकेट अवैध आहे, पुढे जायचे का?' या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यावे? आमच्या बँकांनी आणि सरकारी खात्यांनी नवे अ‍ॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी अमेरिकेतल्या त्या प्रयोगाप्रमाणे बारा माणसे बोलवावीत, पण साठीच्या पुढची. उसाच्या मळ्यात आणि कारखान्यात आयुष्य गेलेली. त्यांच्या हाती फोन द्यावा, शेजारी बसावे, मध्ये बोलू नये, आणि बोट कुठे थांबते ते कागदावर टिपून घ्यावे.