1932 सालात अडकलेले सक्षमीकरण

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये आम्हा मराठी मंडळींचा स्त्री-सन्मानाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. 3 तारखेला सावित्रीबाई फुल्यांच्या तसबिरीला हार, संक्रांतीला क्लबहाउसमध्ये हळदीकुंकू, आणि 8 मार्चला टेक पार्कच्या लॉबीत जगभरच्या कर्तबगार स्त्रियांचे फलक. या मालिकेत नायजेरियाच्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांचाही सन्मान व्हावा, आणि तो फलक न लावता त्यांचे काम पुढे नेऊन व्हावा, असे मी सुचवत असते. त्यावर येणारे आक्षेप ठरलेले आहेत. त्यांचा एकदा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप: घरच्या सावित्रीबाई असताना आफ्रिकेतली बाई कशाला? ज्यांना हा प्रश्न पडतो, त्यांनी 1873 सालची ‘गुलामगिरी’ उघडून पाहावी. जोतीरावांनी ती अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली आहे. पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख समुद्रापलीकडच्या दुःखाशी जोडून पाहायला फुल्यांना दीडशे वर्षांपूर्वी संकोच वाटला नाही. रोज रात्री अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी कॉलवर बोलणाऱ्या आपल्याला मात्र आफ्रिका परकी वाटते, याला काय म्हणावे?

दुसरा आक्षेप: निदान नाव आणि फोटो तरी लावू, त्यातून स्मृती टिकते. याचे उत्तर व्हाइटफील्ड हे नावच देते. 1882 साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांची ही वसाहत उभी राहिली, आणि तिला नाव मिळाले ते या लोकांच्या संघटनेच्या डी. एस. व्हाइट यांचे. आज मेट्रोच्या फलकापासून कुरिअरच्या पत्त्यापर्यंत हे नाव हजारदा लिहिले जाते; पण हे व्हाइट कोण, हे किती रहिवाशांना ठाऊक आहे? नाव टिकले, माणूस विसरला गेला. नुसत्या नावाचे बळ एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे: बायकांना कौशल्य द्या, शिवण शिकवा, संगणक शिकवा, हक्क आणि मागण्यांचे राजकारण कशाला? यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. हातात कसब आणि बँकेत स्वतःचे खाते असले की बाईची मान ताठ होते. पण कौशल्यवर्गाला राजकारणाचा पर्याय मानणाऱ्यांनी फुनमिलायोंचेच चरित्र पाहावे. 1932 साली अबेओकुटा शहरात त्यांनी स्त्रियांचा क्लब काढला, तो शिकल्यासवरल्या, सुखवस्तू बायकांचा. शिवण, पाककला, रीतभात असा त्याचा कार्यक्रम. 1940च्या दशकात बाजारात बसणाऱ्या निरक्षर बायका तिथे वाचायला शिकू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर बाजारातली गाऱ्हाणीही आत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजी अंमलातले अधिकारी त्यांचा तांदूळ जप्त करत होते. बायकांवर वेगळा कर होता, तोही मुलींवर मुलांपेक्षा लवकर बसे. वय ठरवण्यासाठी मुलींची वस्त्रे उतरवल्याच्या तक्रारी होत्या.

इथे फुनमिलायोंपुढे दोन वाटा होत्या. ‘हा आपला विषय नव्हे’ म्हणून शिवणवर्ग चालू ठेवायचा, किंवा विषय बदलायचा. त्यांनी विषय बदलला. 1946 साली क्लबची अबेओकुटा विमेन्स युनियन झाली. इंग्रजी पेहराव सोडून त्या योरुबा वस्त्रे नेसू लागल्या, गोऱ्या अधिकाऱ्यांशीही योरुबातच बोलू लागल्या. मोर्चाला परवाना मिळेना, तर ‘सहल’ आहे म्हणून बायका जमत. हजारोंनी त्या राजवाड्यापुढे ठाण मांडून बसल्या. शेवटी बायकांवरचा कर उठला, आणि 1949च्या जानेवारीत इंग्रजांच्या आधाराने राज्य करणाऱ्या तिथल्या राजाला, म्हणजे ‘अलाके’ला, गादी सोडावी लागली.

आमचे सक्षमीकरण यातल्या 1932 सालात अडकून पडले आहे. हळदीकुंकवाला कामवाल्या मावशींनाही आम्ही वाण देतो, आणि समारंभ आटोपला की त्याच मावशी डिशेस घासायला बसतात. त्यांना यायला-जायला सर्व्हिस लिफ्ट. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये त्यांच्या कामाला आम्ही तारे देतो. मालकिणीला तारे देण्याची सोय त्यांना नाही. महिन्याच्या सुट्ट्या किती, आजारपणात पगार कापायचा की नाही, हे कुठल्याही कागदावर नसते. कर्नाटक सरकारने घरकामासाठी किमान वेतन 2004 सालीच ठरवून दिले. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात घरकामगार बाईचा स्पष्ट समावेश आहे. तिने तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. त्या समितीचा पत्ता किती सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर आहे?

‘पण या बायकांनाच असले काही नको असते’ हा शेवटचा बचाव. तो याच शहराने खोटा पाडला आहे. एप्रिल 2016 मध्ये भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा वयाच्या 58 वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम येऊ घातला, तेव्हा बेंगळुरूच्या कपडा कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. मोठा पुढारी कोणी नव्हता. दोन दिवसांत केंद्र सरकारने नियम मागे घेतला. आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब बायकांना पक्का कळतो. नको असते ते आम्हाला.

मग करायचे काय? प्रत्येक घराने कामाच्या अटी लिहून द्याव्यात: पगार, तास, आठवड्याची भरपगारी सुट्टी. क्लबहाउस आठवड्यातून दोन संध्याकाळी साक्षरतावर्गाला द्यावे, आणि तिथला पहिला धडा त्या अटींच्या कागदाचाच असावा. कलबुर्गीहून आलेलीला कन्नडमध्ये, बंगालहून आलेलीला बंगालीत. गेटचे नियम ठरतात त्या सभेत कामगार बायकांनी निवडलेल्या दोघी बसाव्यात. सावित्रीबाई-जोतीरावांनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा शिकलेला माणूस पुढे प्रश्न विचारील याची त्यांना भीती नव्हती. त्यांना तेच हवे होते.

हे सारे आमच्या सोयीच्या आड येईल, दर वाढतील, सुट्टीच्या दिवशी भांडी स्वतः घासावी लागतील. लागू देत. फुनमिलायोंनी स्वतःच्या वर्गाची सोय मोडली, म्हणून तर त्या सन्मानाला पात्र ठरल्या. ज्यांना तेवढी तोशीस सोसवत नाही, त्यांनी त्यांचा फोटोही लावू नये.