ओसरीवरचे जलरंग
महसूल खात्याच्या दप्तरात, खतावण्या आणि फेरफार यांच्या सहवासात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, असे नांदेडचे माझे एक वयोवृद्ध स्नेही वैशाखात पहाटे पाचालाच ओसरीवर जलरंगांची पेटी उघडून बसतात. कारण मराठवाड्याचे ऊन एकदा चढले, की रंगाचा दुसरा हात फिरण्यापूर्वीच पहिला वाळतो आणि मध्येच डागाची कडा उमटते. कंधारच्या किल्ल्याचा खंदक त्यांनी कितीदा तरी रंगविला. परंतु पाण्यावरची चकाकी पांढऱ्या रंगाने न आणता तेवढा कागदच कोरा राखण्याचा संयम त्यांना फार उशिरा साधला, आणि चित्रकार सावळाराम हळदणकरांनी दीपधारी स्त्रीच्या मुखावरील उजेड याच अवखळ माध्यमात पकडला, हे सांगताना त्यांचा स्वर आजही सद्गदित होतो. लातूरला दिलेली त्यांची कन्या ही चित्रे दाभणाने शिवून, जुन्या लुगड्याच्या काठाची पाठ लावून, कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालून त्यांच्या वह्या बांधते. अशा कलेला प्रदर्शनाच्या सनदेची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकहो, आपल्या घरच्या अशा वह्या कृपा करून रद्दीत घालू नका.