पालकसभेत फक्त गुणच का?

हैदराबादेतील मराठी मंडळींनी 1907 साली विवेक वर्धिनी उभी केली. पुढे निजामी राजवटीत 'गश्ती निशान 53' या फर्मानामुळे साधी सभा भरवायलाही परवानगी लागे. आज कोणी अडवत नाही, तरी पालकसभेत बाके रिकामी! हा दोष आम्हा पालकांचाच.

पण जे येतात त्यांना काय मिळते? रांगेत उभे राहायचे, प्रगतिपुस्तकावर सही करायची, "गणितात लक्ष द्या" एवढे ऐकून परतायचे. मूल शेजारी मान खाली घालून उभे. घरी गेल्यावर त्याचे काय होते, ते पालकांनीच आठवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 24 नुसार पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. क्षमता म्हणजे नुसते गुण नव्हेत.

आमचा मुलगा वर्गात "नक्को" म्हणाला, तेव्हा सारी मुले हसली. बाई रागावल्या नाहीत. दखनीतला हा शब्द आपल्या 'नको'वरूनच आला, असे त्यांनी सर्वांना समजावले. तेव्हापासून तो मराठीत बोलू लागला. सभेत बाईंनी आम्हाला आधी हे सांगितले, गुण नंतर. आमच्या मते चांगल्या शिक्षकाची खूण हीच. एका वर्गात इतकी मुले असताना हे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो.

म्हणून विश्वस्तांना विनंती : सभा रविवारी सकाळी ठेवावी, म्हणजे दुकान-नोकरीवाल्यांना येता येईल. प्रत्येक पालकाला निदान दहा मिनिटे द्यावीत, आणि तेवढा वेळ मुलांना मैदानावर खेळू द्यावे.