कुलपाआडच्या वास्तू

पनवेल-रोहा लोहमार्गावर जिते नावाचे लहानसे स्थानक आहे. तेथून पेणच्या दिशेने जाऊ लागले, की जिते, हमरापूर, जोहे, कळवे या परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने लागतात. इतके कसबी हात जेथे राबतात, तेथील मुलांना एखादे चित्रप्रदर्शन पाहावयाचे झाले, तर मुंबई गाठावी लागते. दुसरीकडे बंद पडलेल्या भातगिरण्या, ओस गोदामे आणि मुलांअभावी मिटलेल्या शाळाखोल्या आपल्या कोकणपट्टीत ठिकठिकाणी कुजत पडल्या आहेत. अशा वास्तू लोकांच्या कलेसाठी विनामूल्य खुल्या कराव्यात, असे आम्ही म्हटले की भुवया उंचावतात. त्यामागील आक्षेप तपासून पाहू.

पहिला आक्षेप असा की, फुकटच्या गोष्टीला किंमत नसते. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईच्या ससून डॉकमध्ये काय घडले, हे आक्षेपकांनी आठवावे. 1875 साली बांधलेल्या या गोदीतील जुन्या गोदामांत स्टार्ट इंडिया या संस्थेने कलाप्रदर्शन भरविले. प्रवेशशुल्क नव्हते. एरवी मासळीच्या वासाला नाक मुरडणारे मुंबईकर त्याच वासातून वाट काढीत तेथे गेले. गोदीच्या परिसरात वावरणाऱ्या साध्या माणसांची मोठमोठी छायाचित्रे इमारतीच्या भिंतींवर झळकली. दाराशी तिकीट असते, तर मासळीची टोपली बाजूला ठेवून एखादी कोळीण आत डोकावली असती काय?

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. चर्चच्या मालकीच्या वास्तूत नाटके आणि चित्रे कशाला, असे काही धर्मग्रामस्थ विचारतात. 1987 साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने चर्चमधील संगीत मैफलींसंबंधी पत्र काढले. धार्मिक संगीताची मर्यादा घालतानाच त्याने प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा, अशी अटही घातली. पुढे 2018 च्या नोव्हेंबरात, वापरात नसलेल्या चर्चवास्तूंचे काय करावे, यावर रोममध्ये परिषद भरली. अभिषिक्त वास्तूंचा निर्णय बिशपांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. आम्ही मागतो ते बंद शाळाखोल्या, सभागृहे आणि कोठारे.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात ऐकू येतो : उद्या मूर्तिकारही येतील, मग काय? येऊ द्यावेत! ते माती मळण्याचे आणि कुंचला धरण्याचे कसब घेऊन येतील. आपल्या मुलांनी ते शिकावे. परक्या वाटणाऱ्या कलेला दार लावण्याची किंमत आपण पूर्वी मोजली आहे. गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी पवित्र मरियेला भारतीय वेषात रंगविले, म्हणून स्वकीयांनीच त्यांच्यावर टीका केली. त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आपले काम चालू ठेवले. 1967 साली ते निवर्तले. आज त्याच चित्रांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. जिवंतपणी ज्याला जागा दिली नाही, त्याचा मेल्यानंतर गौरव करणे सोपे असते.

एक शंका मात्र रास्त आहे. मोडकळीस आलेल्या छपराखाली मुले बसविणे हा गुन्हा होय. म्हणून आधी जाणकाराकडून भिंती, तुळया आणि वीजजोडणी तपासून घ्यावी. वास्तू धोक्याची ठरली तर अंगणात कार्यक्रम करावा. दुसरे असे की, प्रवेश विनामूल्य म्हणजे कलाकार फुकट, असे कोणी समजू नये. मजुरी थकविणाऱ्यांना याकोबाच्या पत्राने दिलेला इशारा धर्मग्रामालाही लागू आहे. रंगारी, ढोलकीवाला, लाकूड कोरणारा, या सर्वांचे मानधन आपण सर्वांनी मिळून द्यावे. सणाच्या रोषणाईतील चार माळा कमी केल्या, तरी त्याची सुरुवात होईल.

येत्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत आपल्या धर्मग्रामातील बंद खोल्यांची यादी मांडावी, प्रत्येक खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे आणि एका रविवारी, मिस्सानंतर, त्यांपैकी एक दार उघडावे. दाराशी दानपेटीदेखील नको. कारण पेटी दिसली, की ज्याच्या खिशात काही नाही तो माणूस उंबरठ्यावरूनच परत फिरतो. आणि आम्हाला तर त्यालाच आत आणावयाचे आहे.