आधी खराटा, मग टाळ

“चित्रं काढून कुठं कचरा हटतो? त्याला घंटागाडी लागते, पावतीपुस्तक लागतं आणि दंड वसूल करणारा माणूस लागतो.” लोणावळ्याजवळच्या औंढ्यासारख्या गावात कलेतून पर्यावरण असा विषय काढला, की पारावरून हा सवाल हमखास येतो. विचारणारा अडाणी नसतो. त्यानं रंगवलेल्या भिंती पाहिलेल्या असतात.

मीही पाहिल्यात. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. मे महिन्यात कुंपणाच्या भिंतीवर काढलेलं हिरवंगार झाड ऑगस्टात खऱ्याखुऱ्या शेवाळाखाली जातं आणि दिवाळीला त्याचे पापुद्रे सुटतात. एकदा तर रंगकाम आटोपल्यावर पाहुण्या मंडळींनी ब्रश आणि डबे शेजारच्या ओढ्यातच धुतले. ‘पाणी वाचवा’मधला निळा रंग टर्पेंटाइनसकट वाहून गेला. कुरवंड्यापाशी उगवणारी इंद्रायणी असेच मावळातले ओढे पोटात घेत देहूला, आळंदीला जाते. तेव्हा भिंतींपुरतं पारावरच्याचं म्हणणं मला मान्य. शनिवारी येऊन रंगवलेली आणि सोमवारी विसरलेली भिंत ही जाहिरातच. मग ती झाडाची का असेना.

पण म्हणून दंडानं सगळं भागतं? असं म्हणणाऱ्याला मी सप्ताहाच्या पंगतीला घेऊन जाईन. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात मार्च 2018 पासून बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंडही ठरलेला आहे. तरी काल्याच्या दिवशी मंडपामागं डोकावा. आमटीनं पिवळी झालेली ताटं ढिगानं पडलेली, त्यातली चार वाऱ्यावर उडून भातखाचराच्या बांधाला अडकलेली. देवाच्या प्रसादावर पावती फाडायला कुठला अधिकारी येणार? आणि आलाच, तर गाव त्याला जेवूनच जा म्हणणार! कायद्याचा हात जिथं असा आखडतो, तिथं कीर्तनकार बुवांचा शब्द चालतो.

हे मी हवेत बोलत नाही. गाडगेबाबा (1876–1956) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. वाटा, गटारं, देवळापुढचं अंगण झाडून काढत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचं कीर्तन म्हणजे तरी काय? श्रोत्यांना साधे सवाल टाकायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. सकाळी आपल्या दारातला उकिरडा लोटणारा माणूसच रात्री समोर उभा राहून विचारतोय म्हटल्यावर पळवाट कुठं उरते? बाबांच्या कलेची ताकद शब्दांत होती तेवढीच या क्रमात होती. भिंत रंगवणाऱ्यांचं नेमकं इथंच चुकतं. ते टाळ आधी वाजवतात, खराटा गावाच्या हाती देतात आणि गाडीत बसतात.

लोकांची कला म्हणजे लोकांना दाखवायची कला नव्हे. शेतात भलरी म्हणत तेव्हा तिला श्रोते नव्हते. गाणारेच राबत होते आणि गाण्यानं कामाला लय मिळत होती. भजन, भारूड, सप्ताह आजही मावळात जिवंत आहेत. त्यांना नवा मंच लागत नाही, निधी तर नाहीच. घंटागाडी हवीच, मात्र तिच्यात काय पडायचं ते घरात आणि मंडपात ठरतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. येत्या सप्ताहात पहिल्याच दिवशी बुवांनी कीर्तनात सांगावं, पंगतीला ताट-तांब्या घरून आणा. आणि त्या दिवशी बुवांनी स्वतःचं ताट सगळ्यांसमोर घासावं. भारूडकरांना तर एवढ्यावर अख्खं सोंग उभं करता येईल.

यावर पारावरून पुढचा आक्षेप आलाच: “ताटं बदलतील!” कशी बदलतील? घरातलं स्टीलचं ताट उलटं करा. कडेला टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं. लग्नात मामानं दिलेलं असेल, तर मामाचं नाव, गाव आणि लग्नाची तारीखसुद्धा.