भिंतीवरचा तारपा

वर्षाचा आढावा घ्यावयास बसलो, तेव्हा वाढवण बंदराचा वाद, बुलेट ट्रेनचे भातखाचरांतून उभे राहिलेले खांब, असे कितीतरी विषय पुढे येऊन उभे राहिले. परंतु या सर्वांवर वर्तमानपत्रांनी बारा महिने लिहिले आहे, आणि आमच्या वाचकांना दिवाळीच्या फराळाबरोबर त्याची उजळणी नको असते, हे इतक्या वर्षांच्या ऋणानुबंधाने आम्ही जाणतो. म्हणून ज्या एका प्रसंगाने गेल्या दिवाळीपासून आमची पाठ सोडलेली नाही, त्याच्याविषयीच येथे लिहितो.

गेल्या वसुबारसेच्या, म्हणजे आमच्या आदिवासी बांधवांच्या वाघबारसेच्या, आदल्या संध्याकाळची गोष्ट. बोईसर स्थानकाबाहेर, तारापूरच्या कारखान्यांतून सुटलेल्या माणसांचा लोंढा वाहत असता, एका संस्थेच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून एक वृद्ध वारली डहाणूकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसला होता, आणि त्याच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. दोघा परप्रांतीय तरुण कामगारांनी कुतूहलाने विचारले, तेव्हा त्याने गाठ सोडली. वाळलेला दुध्या भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा उघडत गेलेला कर्णा. म्हाताऱ्याने ओठ ओले केले आणि तारपा तोंडाला लावला. नाकाने श्वास आत घेत असतानाच फुगलेल्या गालांतली हवा नळ्यांत ढकलीत राहावयाची, म्हणजे सूर मध्ये कोठेही तुटत नाही, ही विद्या आम्ही वाचून जाणत होतो. हातभर अंतरावरून, त्या गालांच्या सुरकुत्या भरताना आणि रित्या होताना, तेव्हाच पाहिली. ओडिया बोलणारे, भोजपुरी बोलणारे, रिकामी पाटी काखेत धरलेली मुरब्याची एक मासेवाली, शिकवणीहून परतणाऱ्या दोन मुली, असे तीसेक लोक बघता बघता गोलाकार उभे राहिले, आणि त्यांतल्या एकाने शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी विचारले व त्याने उत्तर दिले. जेमतेम पाच मिनिटे झाली असतील. मग कुंपणाच्या फाटकातून पहारेकरी आला आणि म्हणाला, ‘‘बाबा, इथं वाजवायची परवानगी नाही. उठा आता.’’ म्हाताऱ्याने एक शब्द न बोलता तारपा पुन्हा लुगड्यात बांधला आणि तो फलाटाकडे निघून गेला.

तो जेथे बसला होता, त्या भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी तारपानृत्य चितारलेले होते. मध्यभागी वादक आणि त्याच्याभोवती हातांची साखळी करून फिरणारे स्त्री-पुरुष.

पहारेकऱ्याला आम्ही दोष देत नाही; त्याला जो हुकूम होता तो त्याने बजावला, आणि आवाज न चढविता बजावला. आमची तक्रार त्या हुकमाशी आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आला, तेव्हापासून पूल, फाटके, कचेऱ्यांच्या भिंती, निमंत्रणपत्रिका आणि सत्काराच्या शाली यांवर वारली चित्र हे जणू जिल्ह्याचे राजचिन्ह झाले आहे. याचा आम्हांला आनंदच आहे. ज्या घरांत सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत, त्या घरांतली ही रेषा गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर व कापडावर आणून जगापुढे मांडली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली ते गेले तेव्हा ती रेषा देशोदेशींच्या संग्रहालयांत पोहोचलेली होती. यंदाच्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांनाही नव्वदी उलटल्यावर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या अंकाच्या कचेरीत आम्ही पेढे वाटले. परंतु चित्राला भिंत आणि वादकाला सन्मानपत्र दिल्यानंतर, वाद्याला वाजण्यासाठी चार हात जमीन द्यावयाची राहून गेली आहे, हे त्या संध्याकाळी आम्हांला दिसले, आणि एकदा दिसल्यावर ते जिल्ह्यात जिकडे तिकडे दिसू लागले.

याच विषयावर वाचीत असता ल्यूक जेरम या इंग्रज कलावंताची हकिकत आमच्या वाचनात आली. कपडे धुण्याच्या सार्वजनिक यंत्रशाळेत दर आठवड्याला तीच ती माणसे शेजारी शेजारी बसतात आणि परस्परांशी एक अक्षर बोलत नाहीत, हे पाहून त्याला वाटले की या शांततेच्या मधोमध एक पियानो ठेवावा. 2008 साली बर्मिंगहॅम शहरात त्याने 15 जुने पियानो चौकांत व बागांत ठेविले, आणि त्यांवर एवढेच लिहिले की मी तुमचा आहे, मला वाजवा. पुढे ही कल्पना कित्येक देशांत गेली. न्यूयॉर्कमध्ये 2010 साली 60 पियानो रस्त्यांवर व उद्यानांत आले; तेथील ‘सिंग फॉर होप’ ही संस्था कॅमिल झमोरा आणि मोनिका युनुस या दोन गायिकांनी स्थापिलेली असून, ती प्रत्येक पियानो एकेका चित्रकाराकडून रंगवून घेते, काही आठवडे तो लोकांच्या स्वाधीन करते, आणि मग सरकारी शाळांना देऊन टाकते. पियानोला पट्ट्या 88, म्हणून एका वर्षी पियानोही 88 मांडले होते. पाऊस आला की झाकण्यासाठी मेणकापड असते, आणि ते ओढण्याची जबाबदारी आसपासच्या रहिवाशांनी आपणहून पत्करलेली असते.

आम्हांला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट अशी की, तेथे चित्र आणि वाद्य एकाच लाकडावर आहेत. रंगविलेली वस्तू पाहावयाची तर आहेच, पण तिला हात लावावयाचा आहे. किंबहुना हात लावावा म्हणूनच ती रंगविलेली आहे.

कोणी म्हणेल, पालघरच्या बागेत पियानो ठेवा. आम्ही ते म्हणत नाही. आमच्या किनाऱ्यावरची खारी, दमट हवा त्याच्या पोलादी तारांना एका पावसाळ्यात गंजवील, आणि त्याच्या हातोड्यांची लोकर ओल धरून बसेल. शिवाय पियानो आमचा नाही. आमची पद्धत वेगळी होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत होती. गावोगावच्या देवळात सभामंडपाच्या खुंट्यांना टाळ टांगलेले असत, कोनाड्यात मृदंग असे, वर्गणीतून घेतलेली बाजाची पेटी फडक्याखाली झाकलेली असे, आणि एकादशीच्या रात्री जो येईल तो खुंटीवरचे टाळ काढून भजनात बसे. त्यासाठी कोणी अर्ज केल्याचे आम्हांला आठवत नाही. आमच्या लहानपणी ज्या पेटीवर आम्ही पहिला सूर दाबला, तिची काळी चार नीट वाजेना म्हणून भाता फाटला असे वाटून आम्ही घाबरलो होतो, तेव्हा गावच्या सुताराने आमचे बोट हाती धरून, ‘‘भाता नाही पोरा, पट्टी अडकलीय, अशी उचल,’’ असे सांगून ती मोकळी करून दिली होती. त्या मंडपाला आता लोखंडी जाळी आहे आणि जाळीला कुलूप आहे. आत ध्वनिक्षेपक आहे, तो पहाटे एकटाच गातो.

बोईसरमध्ये याची निकड अधिक आहे. 1969 साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज निर्माण होऊ लागली, औद्योगिक वसाहत वाढली, आणि अर्ध्या हिंदुस्थानातून माणसे या मुलखात पोटासाठी आली. एका चाळीच्या आठ खोल्यांत चार भाषा असतात, आणि पाळ्या वेगळ्या असल्याने शेजाऱ्यांची गाठ केवळ नळावर पडते. त्या यंत्रशाळेतल्या मूक माणसांची गोष्ट वाचताना आमच्या डोळ्यांपुढे नवापूर नाक्यावरची, मान खाली घालून चालणारी संध्याकाळच उभी राहिली होती.

म्हणून, त्या प्रसंगानंतर महिनाभराने, आम्ही एका कार्यालयात रीतसर अर्ज केला. मागणी लहान होती: सार्वजनिक जागेत एक दगडी ओटा, त्यावर साधे छप्पर, आणि सूर्यास्तापूर्वी कोणालाही, कोणतेही वाद्य, ध्वनिक्षेपकाविना वाजविण्याची मुभा. ओट्याजवळ एका पेटाऱ्यात आम्ही पुरविलेली, वारली चित्रकाराने रंगविलेली एक बाजाची पेटी व एक ढोलकी राहील, आणि पेटाऱ्याची किल्ली समोरच्या चहावाल्याकडे असेल. तारपा मात्र वादकाने आपला आणावा, कारण भोपळ्याचे ते नाजूक, तोंडाने फुंकण्याचे वाद्य रस्त्यावर सोडून देण्याचे नाही, हे आम्हांला समजते. उत्तर आले की ध्वनिप्रदूषणाच्या कारणास्तव हरकत आहे. 2000 सालच्या नियमांत लेखी परवानगीची अट ध्वनिक्षेपकाला आहे, आणि वाद्यांवरचे बंधन रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेपुरते आहे, हे आम्ही नियमाच्या प्रतीसह कळविले. त्यावर नाहरकत दाखल्यासाठी दुसऱ्या दफ्तराकडे जाण्यास सांगण्यात आले. त्या दफ्तराने पहिल्याकडे परत पाठविले.

या अंकाचा विषय ‘सार्वजनिक’ असा ठेवला, तो यामुळे. पाणवठ्यावर, एस. टी. थांब्यावर आणि वाचनालयांवर लिहिणाऱ्या आमच्या लेखकांना या तारप्याची हकिकत ठाऊक नव्हती, आणि तरीही तिघांच्या लेखांत कुलूप आले आहे.

तारपा नाचताना नाचणारे तारप्याला पाठ दाखवीत नाहीत. वादक जिकडे वळेल तिकडे साखळी वळते, त्याने चाल बदलली की पावले बदलतात, आणि साखळीच्या शेपटाशी कोणीही नवखा येऊन हात गुंफू शकतो. त्या संध्याकाळी म्हातारा फलाटाकडे गेला तेव्हा त्या दोघा कामगारांपैकी एक त्याच्या मागोमाग गेला, आणि गाडी येईपर्यंत त्या गुंडाळलेल्या वाद्याचे दुसरे टोक हाती धरून उभा राहिला.

आमच्या अर्जाची आवक पावती कचेरीच्या खणात आहे. भाऊबीज झाली की पहिल्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांच्या माळ्यावर बाजाची पेटी पडून असेल, त्यांनी ती त्याआधी कचेरीत आणून द्यावी. सूर लावून घेण्याचा खर्च अंकाकडे राहील.