हायड्रोजनचा हिशेब आणि खताची गोणी

देशाच्या ऊर्जेच्या भवितव्याची चर्चा निघाली की अलीकडे हायड्रोजनचे नाव हटकून घेतले जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठरविले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही स्वतंत्र धोरण स्वीकारून 8,562 कोटींची तरतूद मंजूर केली. पुण्यात तर ऑगस्ट 2022 मध्येच देशात विकसित झालेल्या हायड्रोजन बसचे अनावरण झाले. या घोषणांचा बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्याच्या उंद्रीसारख्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे, मात्र तो बसशी नसून खताच्या गोणीशी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हायड्रोजनला ‘पर्यायी ऊर्जास्रोत’ म्हणण्याची रूढी पडली आहे. वस्तुतः कोळसा खणून काढावा तसा हा वायू आज हाती येत नाही. तो पाण्यात, नैसर्गिक वायूत बांधलेला असतो आणि तेथून सोडविण्यासाठी आधी ऊर्जा खर्ची घालावी लागते. विजेच्या साहाय्याने पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा करण्यास 50 ते 55 युनिट वीज लागते. त्या किलोत साठते सुमारे 33 युनिट ऊर्जा, आणि इंधन-घटातून तिची पुन्हा वीज करताना जवळजवळ निम्मी वाया जाते. म्हणजे शंभर युनिट ओतावे तेव्हा तीसच्या आसपास परत मिळतात. तेव्हा हायड्रोजन हा ऊर्जेचा झरा नव्हे, ऊर्जेचे ओझे वाहणारा हमाल आहे. आणि हमाली भारी आहे. जेथे बॅटरीने काम भागते तेथे हा हमाल लावणे हा उधळेपणा ठरेल.

गोणीतील हायड्रोजन

मग त्याचा उपयोग कोठे? जेथे हायड्रोजन जाळावयाचा नसून कच्चा माल म्हणून हवाच आहे, तेथे. खत हे त्याचे ठळक उदाहरण होय. अमोनिया म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग, आणि युरिया अमोनियापासूनच बनतो. पावसाळ्यात उंद्रीच्या शिवारात कपाशीला जी 45 किलोची गोणी पडते, तिच्यासाठी सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया, म्हणजे साडेचार किलो हायड्रोजन लागलेला असतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढला जातो आणि त्या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. युक्रेनच्या युद्धाने वायू महागला त्या 2022-23 या वर्षात देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले, हे विसरून चालणार नाही.

आता हाच हायड्रोजन पाण्यातून काढावयाचे ठरविले, तर एका गोणीमागे सुमारे अडीचशे युनिट वीज लागेल. युनिटला चार रुपये धरले तरी नुसत्या विजेचेच हजार रुपये होतात. शेतकरी गोणीला देतो सुमारे 266 रुपये. उरलेला भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे अखेर करदात्यावर पडतो. तेवढ्याच विजेवर पाच अश्वशक्तीचा कृषिपंप साठ तास चालेल, हेही ध्यानात घ्यावे. रब्बीच्या हरभऱ्याला पाणी देण्यासाठी वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री शेतात जावे लागलेल्या शेतकऱ्याला या साठ तासांचे मोल सांगावे लागत नाही.

नांगलचा धडा

हा प्रयोग या देशात नवा नाही. भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनविण्याचा कारखाना नांगल येथे 1961 साली सुरू झाला होता. पुढे त्या भागात विजेची मागणी वाढली, कारखान्याच्या वाट्याची वीज आखडली आणि 1978 च्या विस्तारात खनिज तेलाचा आधार घ्यावा लागला. तंत्र फसले नव्हते. वीज दुर्मिळ झाली होती. विजेला दुसरा गरजू दावेदार उभा राहिला की हायड्रोजनचा क्रम मागे पडतो, हा त्या अनुभवाचा अर्थ आहे.

म्हणून हायड्रोजन नकोच, असे मात्र नव्हे. सौर विजेचे दर उतरले आहेत. 2025 साली झालेल्या लिलावांत हरित अमोनियाला किलोमागे पंचावन्न रुपयांच्या आसपास दर आले; ते आजही महाग आहेत, परंतु आवाक्याबाहेरचे नाहीत. युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो नैसर्गिक वायूच्या पद्धतीत आपोआप मिळतो. त्यामुळे प्रारंभ डीएपी व संयुक्त खतांपासून करणे शहाणपणाचे. पाण्याची भीती तुलनेने कमी आहे. शुद्धीकरण धरूनही किलोला वीस-तीस लिटर पुरतात. तरीही असे कारखाने ट्रॉम्बे-थळसारख्या किनारपट्टीवर असावेत, अवर्षणप्रवण भागात नव्हे.

खरा प्रश्न विजेच्या वाटपाचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाड्याने जमीन घेऊन कृषिपंपांना दिवसा वीज देण्याचा मार्ग दाखविला आहे. हायड्रोजनसाठी उद्या जमिनी लागतील तेव्हा त्याही विकत न घेता भाड्यानेच घ्याव्यात. पंपांची गरज भागल्यावर उरणारी भर दुपारची वीजच या उद्योगाला द्यावी. शिवाय शेतात जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या आणि इतर काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढता येईल काय, यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काम केले आहे. वऱ्हाडातील कृषी महाविद्यालयांनी त्याची दखल घ्यावयास हवी.

पंपांना आधी, खताला नंतर आणि मोटारींना सर्वांत शेवटी, असा क्रम शासनाने धोरणातच लिहून ठेवला पाहिजे. तो न लिहिल्यास सौर पट्ट्या उंद्रीच्या माळावर उभ्या राहतील, त्यांची वीज दूरच्या कारखान्यात जाईल आणि शेतकरी मात्र बॅटरी हातात घेऊन रात्री मोटार चालू करावयास जात राहील.